एकाच टायरात सगळे

मी टायरमधली हवा मोजणारा गेज बोलतोय. जंगलाकडे जाणाऱ्या मोहर्लीच्या रस्त्यावर देवरावभाऊंच्या पंक्चरच्या दुकानात खिळ्याला लटकतो. आलो तेव्हा माझी काच कशी चकचकीत होती! आता तडा गेलाय. आकडा पटला नाही की लोक मलाच टिचकी मारतात.

परवा तर जिवावरच बेतलं. प्रफुल नवी जिप्सी घेऊन आला. त्याची सफारीची पहिलीच फेरी. मागे पाहुणे, शेजारी गाईड करिश्मा, जंगलाचं गेट बंद व्हायला थोडाच वेळ आणि एक टायर बसलेलं!

भाऊंनी कंप्रेसरने हवा भरली. काटा पंधरा पौंडांवर आला आणि लाईट गेली. मग त्यांनी सिलिंडरमधून नायट्रोजन सोडला. मी तीस दाखवले, या टायरला लागतात तेवढेच.

"झालं," भाऊ म्हणाले.

"काऊन झालं?" प्रफुल अडून बसला. "नायट्रोजन तं पंधराच गेला! त्याचे पुरे तीस पायजे. हवेचा हिसाब वेगळा."

"अगा, रस्त्यात फुटन!"

प्रफुल ऐकेल तर शपथ. भाऊंनी वैतागून आणखी भरला. टायर टम्म फुगलं, मी पंचेचाळीस दाखवले.

"पाह्य! दोन्ही गॅस एकातच मोजून राह्यला. बिघडला हा!" म्हणत त्याने मला टिचकी मारली.

अरे बाबा, तेच तर माझं काम!

त्याने डिकीतून नवा डिजिटल गेज काढला. भाऊ म्हणाले, "याचा आकडा वेगळा आला, तं जुन्याले भंगारात फेकतो." माझा काटा लटलटा कापायला लागला हो!

नव्यानेही पंचेचाळीसच दाखवले. प्रफुलने त्यालाही टिचकी मारली.

करिश्माला हसू आवरेना. "प्रफुलभाऊ, नवरीकडचे पंधरा नि नवरदेवाकडचे तीस एका पंगतीत बसले, तं पत्रावळ्या किती लागतीन?"

"पंचेचाळीस."

"मंग? टायर एकच हाय ना!"

प्रफुलने डोकं खाजवलं. फुस्स करून हवा सोडली, मी तीस म्हटल्यावर गाडी सुसाट पळवली.

संध्याकाळी तो परत आला. गेट गाठलं होतं, वाघही दिसला होता, स्वारी खुशीत होती. डिजिटल राहिला डिकीत, त्याने मलाच टायरला लावलं. मी तीस सांगितले. सवयीने त्याचं बोट वर आलं. मी जीव मुठीत धरला.

त्याने माझ्या काचेवरची धूळ पुसली, बस.

बाबांनो, गॅस कोणताही भरा, मी त्याची जात विचारत नाही; एका टायरात बसले की सगळे माझ्या हिशेबात. फक्त टिचकी मारू नका. काच आधीच फुटायला आली आहे.