माझ्या नळीतला लाल बोळा

मी एक जुनी काळी मोटार आहे. पोखर्णीच्या रस्त्यावरच्या एका गावात, गोठ्यामागे, लिंबाच्या झाडाखाली सडते आहे. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. मित्रांनो, तुम्हाला माझी दया येईल. ती तुमच्यापाशीच ठेवा. मला शिसारी आली आहे, आणि ती कशाची आली तेवढं ऐकून जा.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या रंगात तोंड दिसायचं. हैदराबादेत एका डॉक्टराकडे मी बारा वर्षं इमानाने चालले. मग जमीनदार अप्पारावांनी मला गावात आणलं. नवरदेव माझ्यातून मिरवले, अडलेल्या बाया माझ्यातून परभणीच्या दवाखान्यात गेल्या. अप्पारावांचा पुतण्या रंगनाथ मला चालवायचा. लोक म्हणायचे, "गाडी न्हाई, लक्ष्मी हाय."

एकोणऐंशीच्या दसऱ्याला मला पोखर्णीला नेलं. नरसिंहाच्या पायाशी ठेवलेलं लाल कापड अप्पारावांनी आणलं आणि ते बांधायला जागा शोधत बोनेट उघडलं. माझ्या इंजिनावर एक उभी नळी आहे. पोटातली गरम वाफ तिथून बाहेर पडते. ती माझी श्वासाची वाट. अप्पारावांना तो देवासाठी केलेला कोनाडाच वाटला. त्यांनी कापडाचा बोळा करून नळीच्या तोंडात दाबला, वरून दोरा आवळला, शेंदूर फासला. "देव बसला," म्हणाले. माझा श्वास बंद झाला.

वाट बंद झाली की ती वाफ तेलाला ढकलते. माझ्या सगळ्या जोडांतून तेल पाझरू लागलं. अंगणात काळं थारोळं. अप्पारावांची बायको पार्वतीबाई रोज त्यावर राख टाकायची आणि रंगनाथला शिव्या घालायची.

गावात मिस्त्री एकच, सटवाजी. लष्करात गाड्या दुरुस्त करून आलेला. राहायला जयभीमवाल्यांच्या वस्तीत. विद्यापीठाच्या नावावरून आदल्या वर्षी त्या वस्तीत जाळपोळ झाली, तेव्हा त्याचं छप्पर गेलं होतं. त्याला बोलावलं. त्याने बोनेटला हात घातला तसे अप्पाराव ओरडले, "ए, वर न्हाई! वर देव हाय. तुला काय करायचं ते खालून कर."

"मालक, तेल खाली पडतंय. पर गळायलंय कुठून, ते वरून बघितल्याबिगर कसं कळायचं?"

"लय शिकवू नको."

तो माझ्याखाली उताणा झोपला. तेल त्याच्या डोळ्यांत पडलं. त्याने तेलाच्या टाकीचं पॅकिंग बदललं, नट आवळले. चार दिवसांनी पुन्हा थारोळं. पुन्हा झोपला. या वेळी बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "एका जागेहून गळलं असतं तर पॅकिंग म्हनलो असतो. ही पुढूनबी गळायली, मागूनबी गळायली. कोंडलीय ही. वरच्या नळीत काही हाय का?"

"देवाचं कापड हाय," रंगनाथ म्हणाला.

"मग तेवढं काढा. दुसरं काही न्हाई."

रंगनाथने त्याच्या कानाखाली मारली. "देवाचं कापड काढ म्हनतोस? तुझा हात लागला म्हणूनच गळायली ही!"

मित्रांनो, माझं दुखणं एकाच माणसाने ओळखलं, आणि त्याला थोबाडीत मिळाली. सटवाजी पाने-पकडींची पिशवी उचलून गेला. गावातूनच गेला. सेलूला कापसाच्या जिनिंगवर इंजिन बघू लागला.

रंगनाथ वरून तेल ओतायचा, मी खालून ओकायचे. असे चार महिने गेले. मग एका सकाळी अप्पाराव कापसाच्या बाजाराला निघाले आणि सेलूच्या वेशीवर मी धूर सोडत थांबले. आतले भाग कोरडे पडत होते. आणखी दोन मैल रेटलं असतं तर मी मेले असते. मागे कापसाच्या बैलगाड्या अडल्या. रंगनाथ धावत जिनिंगवर गेला, मिस्त्री मागितला. आला तो सटवाजी.

त्याने मला पाहिलं आणि हाताची घडी घातली.

"बघ की रे," अप्पाराव म्हणाले.

"वर देव हाय ना, मालक. मी हात लावत न्हाई. तुमीच काढा."

एक गाडीवान ओरडला, "काढा की अप्पाराव, बैलं उन्हात उभी हायेत! का देवाला इचारायलाव?"

सगळे हसले. अप्पारावांनी स्वतःच्या हाताने बोळा उपसला. फुस्स करून माझा चार महिन्यांचा श्वास सुटला आणि तेलाचे शिंतोडे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाले. सटवाजीने रंगनाथकडून इंजिन रॉकेलने पुसून घेतलं, कोरडं करवलं, तेल भरवलं, जोडांवर चुन्याची भुकटी टाकायला लावली. "आता चालू कर. चुना जिथं काळा पडंल तिथं गळतंय." घटकाभर इंजिन चाललं. चुना पांढराच राहिला.

अप्पाराव आत बसता बसता रंगनाथला हळूच म्हणाले, "गावात बोलू नको. देवाचं नाव खराब व्हतं."

देवाचं! बोळा काय देवाने कोंबला होता?

पुढच्या दसऱ्याला गावकऱ्यांनी विचारलं, औंदा गाडीत देव बसवला न्हाई का? लगेच नवं लाल कापड आलं. सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने ते त्याच नळीत कोंबलं. थू! थारोळं परत सुरू झालं तेव्हा रंगनाथ सेलूला गेला. सटवाजीने एवढंच विचारलं, "कापड काढलं का?"

"काका ऐकंनात."

"मग मी येऊन काय करू? पुन्हा खाली झोपू?"

तो आला नाही. येलदरीच्या रस्त्यावर माझं इंजिन जाम झालं, ते कायमचं. सटवाजीवर माझा राग नाही. त्याने बरोबर केलं.

मित्रांनो, गाडी गळायला लागली की थारोळं बघून लगेच तिच्याखाली माणूस झोपवू नका. आधी तिला पुसा आणि वरून बघत खाली या. श्वासाची नळी मोकळी ठेवा. आणि ज्याला दुखणं कळतं, त्याला झाकण उघडू द्या. याला काही अक्कल लागत नाही, थोडी शरम लागते.

यंदा विद्यापीठाचं नाव बदललं म्हणे, सोळा वर्षांनी. माझ्या नळीतला बोळा तिथेच आहे. गेल्या दसऱ्याला म्हातारे अप्पाराव काठी टेकत आले, कोंबड्या हाकलल्या, माझ्या गंजलेल्या बोनेटवर झेंडूचा हार घातला आणि डोळे मिटून हात जोडले.

बोनेट उघडलं नाही.