ओढ्यापलीकडचे चोर

बाळांनो, डोळे मिटा आणि एक गाव मनात आणा. जर्मनीत, डॅन्यूब नदीच्या काठी, जेमतेम चाळीस घरांचं. एका भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा कोरलेल्या, काठाला होडी बांधलेली. समोरच्या काठावर तसंच दुसरं गाव. आता अशी कल्पना करा, की समोरची माणसं होडीतून येतात, तुमची वस्तू चोरून नेतात आणि तुमचं गाव रागावण्याऐवजी खूश होतं! जमतेय का कल्पना? ईशितालाही पहिल्यांदा जमली नव्हती.

ईशिता नऊ वर्षांची, कॅनडातल्या कोक्विटलामला राहणारी. तिच्या घरामागे एक ओढा, ओढ्यावर लाकडी साकव आणि साकवापलीकडे ट्राउडल आजींचं घर. या आजी त्याच जर्मन गावातून पन्नास वर्षांपूर्वी कॅनडात आलेल्या. दर एप्रिलमध्ये त्या अंगणात एक लांब, हलका खांब निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवत. त्यावर गावातल्या एकेका धंद्याची छोटी पाटी लावत: नावाडी, कोळी, लोहार, पाववाला. टोकाला पानांची माळ आणि एक घंटा. मे महिन्याच्या एक तारखेला खांब उभा करायचा, ही त्यांच्या गावची रीत.

"आणि उभा करण्याआधी समोरच्या गावाने तो चोरायचा," त्या वर्षी, म्हणजे २०१० साली, नावाड्याची पाटी रंगवता रंगवता ट्राउडल आजी म्हणाल्या. "राखणदाराने खांबाला हात लावून 'हा इथेच राहणार' म्हटलं, की चोरांनी मुकाट परत जायचं. पण खांब नदीपार गेला, की तो चोरांचा. मग त्यांना खाऊपिऊ घालून सोडवून आणायचा."

"बट दॅट्स स्टीलिंग!" ईशिता म्हणाली.

"ऐक तर. महायुद्ध संपलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. गावात खांब उचलायलाही माणसं उरली नव्हती. आम्ही पोरींनीच कसाबसा एक रंगवला, तोही वाकडा. सकाळी पाहतो तर गायब! समोरच्यांनी नेला होता. माझी आई अंगणात नाचली गं. म्हणाली, आपलं गाव अजून कुणाच्या तरी खिजगणतीत आहे."

मग आजींनी ब्रश खाली ठेवला. समोरच्या गावचा कार्लही कॅनडात येऊन इथे जवळच राहायचा आणि दर वर्षी साकवावरून चोरीला यायचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला होता.

"आता चोरच नाही. हा शेवटचा खांब. पुढच्या वर्षी कुणासाठी रंगवू?"

ईशिता धावत घरी गेली. निवृत्त इंजिनियर दिलीप आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नातीला घेऊन थेट ट्राउडल आजींची बेल वाजवली.

"आपली हरकत नसेल, तर आम्ही आपला खांब चोरावा म्हणतो."

ट्राउडल आजींनी कपाळावर हात मारला. "परवानगी घेऊन नेलात तर ती चोरी कसली? ती हमाली! जा. आणि आता मी राखणीला बसणार. उद्या चारला खांब उभा राहील."

"काय तुम्ही तरी!" घरी सुनंदा आजी आजोबांवर खेकसल्या. "चोरी करायला निघालात आणि अर्ज देऊन आलात! आता माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. महाराष्ट्र दिन म्हणून घरात श्रीखंड-पुरी. सुनंदा आजी ताट घेऊन साकवापलीकडे गेल्या. खांबाशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या राखणदाराला त्यांनी इतका आग्रह केला, की तीन वाट्या श्रीखंड पोटात गेलं. सव्वादोनला ट्राउडल आजींची मान छातीवर आली.

पुढे ईशिता, मागे आजोबा. खांब खांद्यावर. एक पाऊल, दुसरं पाऊल, साकव आला. ईशिता त्यावर चढली, खांब हिंदकळला आणि टोकाची घंटा खणखणली.

"चोर! चोर!" ट्राउडल आजी काठी टेकत चक्क पळत सुटल्या.

आणि आजोबांनी काय करावं? ते अर्ध्या साकवावर थांबले, मागे वळले आणि म्हणाले, "सॉरी हं, तुमची झोपमोड झाली."

"आजोबा, नो सॉरी! वॉक!" ईशिता ओरडली आणि सगळं बळ लावून तिने खांब ओढला. आजोबा फरफटल्यासारखे पुढे आले. ट्राउडल आजींची बोटं खांबापासून वीतभर अंतरावर हवेतच राहिली. खांब ओढ्यापार गेला होता.

धापा टाकत ट्राउडल आजी कठड्याला टेकल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बदमाश लोकहो! बोला, काय घेऊन सोडता?"

"सफरचंदाचा केक माग," आजोबा कुजबुजले.

ईशिताने खांब गवतावर ठेवला. त्यावर मांडी ठोकून बसली.

"केक," ती म्हणाली. "अँड वन मोअर पोल. नेक्स्ट इयर. प्रॉमिस?"

ट्राउडल आजींनी मनगटाकडे पाहिलं. घड्याळात अडीच वाजले होते आणि चारला खांब उभा राहायचा होता. ईशिताने नावाड्याच्या पाटीवर तळहात दाबला आणि आजींकडे पाहत खणखणीत आवाजात सांगितलं, "हा इथेच राहणार." आणि आजींनी "बरं बाई, प्रॉमिस" म्हणेपर्यंत ती जागची हलली नाही.