अर्ध्यावर ठेवलेला सेल

"भरून ठेवू नकोस, अक्का. आणि पार आटवूनही ठेवू नकोस. अर्धा ठेव. अर्ध्यावर हा सेल जास्त जगतो."

नागनाथचं हे बोलणं कृष्णाबाईंनी धाकट्या भावाचं ऐकतात तसंच ऐकलं होतं. मान त्याच्याकडे आणि लक्ष चुलीवरच्या दुधाकडे. आता नागनाथ जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याने दिलेला टॉर्च मांडीवर घेऊन त्या राजाजीनगरातल्या घराच्या माडीवर, व्हरांड्यात बसल्या होत्या. समोरच्या गच्चीवरचं ऊन भिंतीवरून वर वर सरकत होतं. थोड्या वेळाने वीज जाणार होती. त्या महिन्यात ती रोज संध्याकाळी ठरल्या वेळी जायची आणि जेवणाच्या सुमाराला यायची. आणि आज संकष्टी होती.

कृष्णाबाईंना रातांधळेपणा होता. दिवसा त्यांना तांदळातला खडा दिसे, पण सूर्य कलला की संपलं. इतरांची संध्याकाळ हळूहळू येते. त्यांची मात्र कुणी बाहेरून दार लावून घ्यावं तशी यायची. समईची ज्योत दिसे, समईखालचा पाट दिसत नसे. आकाशात चंद्र दिसे, पायाखालची पायरी दिसत नसे. चष्म्याने हे जायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून दिवेलागणीनंतर त्या घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालायच्या.

नागनाथला ते बघवलं नाही. शिवाजीनगरात एका खाणावळीच्या माडीवर त्याचं लग्नाच्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. कॅमेऱ्यावर बसवतात तो छोटा प्रखर दिवा त्याने काढला, त्याला मूठ लावली आणि मागे विजेवर पुन्हा भरता येणारा नव्या जातीचा सेल बसेल अशी खाच केली. वजनाला अगदी हलका. साध्या टॉर्चने कृष्णाबाईंना नुसता पिवळा ठिपका दिसायचा, याने रस्ता दिसला.

सेल निवडतानाचा त्याचा चोखंदळपणा तर विचारू नये. स्टुडिओवाल्यांनी टाकून दिलेल्या ढिगातून एकेक उचलून तो तळहातावर फिरवी. "पोट फुगलंय त्याला नमस्कार करून लांब ठेवायचं. भरताना हाताला चटका देतो, तोही नको. उरलेले भरायचे आणि आठवडाभर विसरून जायचं. पडून पडून जो आटत नाही, तो आपला." अशा पारखीतून दोन सेल निघाले. एक वापरायला आणि एक बाजूला, थंड जागी, अर्धा भरून. "अधूनमधून बघत जा त्याच्याकडे," एवढं तो म्हणाला आणि दोन महिन्यांत दुकानातच छाती धरून बसला तो उठला नाही.

पण कृष्णाबाईंच्या घरात काही अर्धं ठेवायची रीत नव्हती. कुंकवाचा करंडा, मिठाची बरणी, तांदळाचा डबा तळाला जाण्याआधी भरला जायचा. संपलं हा शब्दसुद्धा त्या घरात कुणी उच्चारत नसे, वाढलं म्हणायचं. मग भावाची शेवटची आठवण अर्धी कशी ठेवायची? वापरातला सेल त्यांनी देवघरात, नंदादीपाशेजारी, चोवीस तास चार्जरवर लावून ठेवला. रोज त्याच्यापुढे फूलही पडे. त्या दिव्याची ऊब त्याला लागायची, पण ऊब वाईट असते असं कुणाला वाटेल?

मुलगा शिवकुमार होसकोट्याच्या कारखान्यात होता. त्याचं ज्ञान वेगळंच. "आई, सेल पुरता संपवल्याशिवाय भरायचा नसतो. नाहीतर त्याला वाईट खोड लागते." ते जुन्या जातीच्या सेलचं शास्त्र, पण तो दर रविवारी टॉर्च भिंतीकडे तोंड करून पेटता ठेवी आणि ठार विझला की समाधानाने आईकडे देई. आई भरभरून वाढायची आणि मुलगा कडकडीत उपास घडवायचा. बिचाऱ्या सेलचं दोघांच्या मायेत काय झालं असेल ते कुणाला दिसत नव्हतं.

दिसलं ते गेल्या चतुर्थीला.

तीन गल्ल्या पलीकडे गोजराबाई राहायच्या. लग्न होऊन दोघी या वस्तीत एकाच वर्षी आल्या आणि तेव्हापासून संकष्टी एकत्र सोडत आल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून गोजराबाई खाटेवर होत्या. त्यांची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला, खिडकीतून दिसायची ती शेजारची भिंत. म्हणून चंद्र कृष्णाबाईंनी आपल्या गच्चीवरून बघायचा, अर्घ्य द्यायचं, आणि नैवेद्याचा डबा घेऊन सांगायला जायचं. मग दोघींनी जेवायचं. गेल्या खेपेला अर्ध्या वाटेवर टॉर्च पिवळा झाला, तांबूस झाला, गेला. केबलसाठी खणलेल्या चरात कृष्णाबाई डब्यासकट पडल्या. कुणीतरी उचलून घरी आणून सोडलं. त्या रात्री गोजराबाई वाट बघत उपाशी राहिल्या. साखरेचं दुखणं, गोळी घेतलेली. सकाळी शेजारणीला त्या घामाने भिजलेल्या आणि जीभ जड झालेल्या सापडल्या.

"अगं, खायचं ना!" कृष्णाबाई दुसऱ्या दिवशी उजेडी जाऊन रागावल्या.

"तू आली नाहीस, म्हणजे चंद्र उगवला नाही," गोजराबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं माझा चंद्र तुझ्या तोंडूनच उगवतो. तुझा टॉर्च माझ्यापेक्षा कडक उपास करायला लागला, त्याला मी काय करू?"

"पुढच्या चतुर्थीला तुला उपाशी राहू देणार नाही. येईन मी."

हा शब्द देऊन त्या घरी आल्या, तर शिवकुमार त्यांच्या गुडघ्यावरची पट्टी बघत उभा. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "जाऊन परत येईपर्यंत पुरेल असा उजेड हातात नसेल, तर रात्री फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

पोटच्या पोराची शपथ. कुलूप असतं तर किल्ली शोधता आली असती.

आज तो रात्रपाळीला होता. सून रंजिता आठ महिन्यांची गरोदर, डॉक्टरांनी तिला जिना उतरायचीही बंदी केलेली. तिला रात्रभर एकटं टाकून दिवसाच गोजराबाईंकडे जाऊन राहणं शक्य नव्हतं. खालचे भाडेकरू गावी, आणि त्या खणलेल्या गल्लीत रिक्षा शिरत नव्हती.

वीज गेली. समोरची गच्ची, फाटक, तुळस, एकामागून एक सगळं पुसलं गेलं. राहिला तो गळ्याशी आलेला काळोख.

"अत्ते, टॉर्च बघायचा ना?" रंजिता आतून आली. सासूला ती माहेरच्या कानडी वळणाने अत्ते म्हणायची.

"बघू या. इथून गोजराबाईंपर्यंत चालताना जपाची एक माळ होते आणि परत यायला एक. दोन माळा टिकला, तर शपथ पाळली."

देवघरातला सेल बसवून त्यांनी दिवा भिंतीवर धरला. पांढरा लख्ख उजेड पडला. कृष्णाबाईंनी जपाला सुरुवात केली. अर्धी माळही झाली नसेल, भिंत पिवळी पडली. मेरुमणी येण्याआधी ती दिसेनाशी झाली.

"पूर्ण भरलेला होता गं," त्या पुटपुटल्या. "एक दिवस रिकामा ठेवला नाही मी त्याला."

"मी निरोप पाठवू का कुणाबरोबर? रस्त्यावर कुणीतरी भेटेलच."

"निरोपावर ती जेवेल असं वाटतं तुला?"

"नाही," रंजिता म्हणाली. "चंद्राने स्वतः येऊन सांगितलं तरी त्या विचारतील, कृष्णाक्का कुठाय?"

एरवी कृष्णाबाई हसल्या असत्या. आत्ता त्यांच्या डोळ्यांपुढे ती भिंतीकडची खिडकी होती आणि तिच्याकडे तोंड करून पडलेली बाई.

"अत्ते," रंजिता म्हणाली, "मामांनी दोन दिले होते ना?"

"तो अर्धाच होता."

"मग?"

"मग काय? अर्धी वस्तू देवापुढे कशी ठेवायची? कोठीत लोटला होता मागे. नागू गेल्यावर तर हात लावायचा धीर झाला नाही."

अर्धा ठेव. थंड जागी. दुधाकडे बघत ऐकलेले शब्द एकेक करून परत येत होते, आणि दूध तर त्या दिवशी उतूही गेलं नव्हतं.

"मी आणते," रंजिता म्हणाली.

"बस गं तू. कोठीत वाकायचंय."

कोठीघरात दिवसाही ऊन शिरत नसे. कृष्णाबाई फरशीवर बसल्या आणि हाताने बरण्या मोजल्यासारख्या चाचपत सरकल्या. ही मिठाची, ही चिंचेची, ही लिंबाच्या लोणच्याची, सगळ्या जड. शेवटी भिंतीच्या कोपऱ्यात एक हलकी लागली. आतल्या सुती फडक्यातला सेल गार होता. त्यांनी त्याच्या पोटावरून अंगठा फिरवला, नागनाथ फिरवायचा तसा. कुठे फुगलेला नव्हता.

व्हरांड्यात येऊन तो खाचेत बसवला, आणि भिंत उजळली.

"पेटला!" रंजिताने टाळी वाजवली. "चला, सुटलात."

"पेटणं वेगळं आणि पुरणं वेगळं, बाळ. पोराची शपथ आहे."

"पण अत्ते, इथे जाळाल तेवढा रस्त्यात कमी पडेल. शपथ पाळता पाळता उजेडच जायचा!"

हाच तर पेच होता. न बघता निघावं तर शपथ मोडते, बघावं तर असलेलं खर्च होतं. कृष्णाबाईंनी माळ हातात घेतली. "वीज येईल चंद्राच्या आधी. घेतलेलं परत भरू," असं म्हणून त्यांनी पहिला मणी ओढला.

पहिली माळ झाली, भिंत पांढरीच होती. दुसऱ्या माळेला रंजिताही जवळ सरकली. दोघी भिंतीकडे बघत होत्या. जरा कुठे पिवळं वाटलं की कृष्णाबाईंचा ओठ अडखळे, आणि तो डोळ्यांचा भास निघे. मेरुमणी बोटाला लागला. भिंत पांढरी होती. त्यांनी झटकन बटण बंद केलं, जणू आणखी एक क्षण बघितलं तर नजर लागेल.

वीज वेळेवर आली. चार्जर त्यांनी देवघरातून उचलला आणि नंदादीपापासून दूर, खिडकीतल्या गार फरशीवर ठेवून त्याला हा सेल लावला. मग नैवेद्याचा डबा भरून त्या सेलपाशी येऊन बसल्या. रंजिता गच्चीच्या दाराशी खुर्ची टाकून पूर्वेकडे डोळे लावून होती.

"आला हो! नारळामागून आला!"

कृष्णाबाईंनी गच्चीत जाऊन चंद्राला अर्घ्य दिलं, हात जोडले आणि घाईने परत आल्या. चार्जरवरचा दिवा अजून लुकलुकत होता. भरला की तो स्थिर व्हायचा.

"स्वल्प थांबा ना," रंजिता म्हणाली. "भरू दे की पूर्ण."

गोजराबाईंनी गोळी घेतली असेल. कृष्णाबाईंचा हात सेलकडे गेला आणि वरच थांबला. भरत आलेली घागर नळाखालून ओढून घ्यायची! जन्मात कधी केलं नव्हतं. आईने, सासूने, कुणीच केलं नव्हतं. बोटं काही केल्या मिटेनात.

"घेतलं होतं त्याहून जास्त आलंय," त्या स्वतःशीच बोलल्या. "पुरे म्हणायला शिकवत होता तो मला." मग लुकलुकता दिवा तसाच असताना त्यांनी सेल काढून घेतला.

"आणि देवघरातला जुना?"

"त्याची सेवा झाली. उद्या नागूच्या दुकानातल्या पोरांकडे पाठवू. तू दार लावून घे. फाटकाला कडी मी घालते."

"सरी, अत्ते. सावकाश जा. नाहीतर हे माझ्यावर शपथ घालतील!"

भिंतीला हात लावत जिना उतरून, फाटकाशी येऊन कृष्णाबाईंनी टॉर्च लावला. पांढरा गोल उजेड रस्त्यावर पडला. त्यात एक दगड दिसला, त्यापुढे चराची कड आणि तिच्यावर टाकलेली फळी. डब्याची मूठ मनगटात सरकवून त्यांनी त्याच हातात माळ घेतली, पहिला मणी ओढला आणि फळीवर पाय ठेवला.