तीन लिटरच्या ट्रेत चार लिटर

भूगोलाच्या बाईंना गाडीचं ऑइल स्वतः बदलायचं खूळ लागलं ते बावन्नाव्या वर्षी, आणि असं लागलं की नवऱ्याने हात टेकले. "मी बॉनेट उघडतो, आत बघतो आणि पुन्हा बंद करतो. तुला जमत असेल तर कर बाई. पण मी घरात नसताना कर," तो म्हणाला. मग एका रविवारी सकाळी तो मित्राकडे बुद्धिबळ खेळायला गेला. फाटकाची कडी वाजली न वाजली तोच बाईंनी त्याचा जुना शर्ट अंगात चढवला आणि नणंदेला फोन लावला.

नणंद हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स होती. घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे आणि ही चिमणी दारातून येताना डोकं वाकवून यायची, एवढी उंच. ती आली ती हातमोज्यांचा अख्खा डबा घेऊनच.

"पेशंट कुठाय?"

पेशंट अंगणात होता. पुढची चाकं दोन लोखंडी उतारांवर चढवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या, हँडब्रेक ओढलेला. इंजिन पाच मिनिटं चालवून मग थोडं निवू दिलेलं, म्हणजे तेल पातळ होतं पण हात पोळत नाही. बाईंनी चार दिवस व्हिडिओ बघून सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. आता त्या जुन्या चटईवर पाठ टेकून सरपटत गाडीखाली शिरल्या, आणि खालून वर दिसणारं ते काळंकभिन्न इंजिन बघून त्यांना सहलीला निघालेल्या पोरीसारखं वाटायला लागलं.

"सतरा नंबरचा पाना," त्या म्हणाल्या.

चिमणीने पाना त्यांच्या तळहातावर फाटकन आपटला. थिएटरात अशीच सवय होती.

"पेशंट उपाशी आहे ना?"

"गप्प बस, हसवू नकोस, नट घसरेल."

इंजिनाच्या तळाचा तो तेलाचा नट आधी ढिम्म हलेना. मग कुरकुरला आणि एकदम सैल झाला. शेवटचा आटा सुटला आणि तेल असं काही धबाधबा आलं की नट बाईंच्या बोटांतून निसटून सरळ खाली ठेवलेल्या ट्रेत गेला. बुडुक!

"आलं! आलं!" बाई ओरडल्या. स्वतःच्या हाताने काढलेलं तेल! उन्हाच्या तिरिपेत ती काळी धार चमकत होती, आणि बाईंना जगातल्या सगळ्या गॅरेजवाल्यांना मिठी मारावीशी वाटत होती.

"वहिनी, ट्रे भरत आलाय."

"थांबेल आता."

"मला नाही वाटत. रक्तस्राव जोरात आहे."

बाईंनी मान वळवून बघितलं. इंजिनात चार लिटर तेल मावतं हे त्यांनी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. ट्रे मात्र कुंड्यांखालचा होता आणि तो तीन लिटरांचा असेल, ही गोष्ट कोणत्याच व्हिडिओत सांगितलेली नव्हती. तेल काठाला टेकलं. बाईंना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी हातमोज्यासकट अंगठा त्या भोकात कोंबला.

धार थांबली. नट होता ट्रेच्या तळाशी.

"शाब्बास वहिनी! मी ट्रे ओढते," असं म्हणून चिमणीने ट्रे ओढला. हेतू चांगला होता. पण काठोकाठ भरलेला ट्रे ओढायचा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एक कोपरा विटेला अडला, ट्रे कलंडला आणि लिटरभर तेल फरशीवर सांडलं.

अंगण घराकडून फाटकाकडे उतरतं होतं. फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला गटाराची जाळी होती. त्या जाळीतून पाणी कुठे जातं हे अख्ख्या गल्लीत एकट्या बाईंनाच नेमकं ठाऊक होतं. दरवर्षी सातवीच्या वर्गाला घेऊन त्या याच जाळीपासून चालत निघत आणि थेट तळ्यावर पोचत. "इथे एक पेलाभर तेल ओता, तिकडे बदकांच्या पंखांवर तवंग," असं पोरांना दटावून सांगत.

"थांब, पाणी मारते!" चिमणीने बागेचा पाइप उचलला.

"पाणी नको! पाणी मारलंस तर मिनिटात तळ्यात!"

एरवी रक्ताचा पाट बघून पापणीही न हलवणारी चिमणी पाइप धरून गोल गोल फिरायला लागली. "मग काय करू? काय करू?"

"वाळू! माती! पीठ!"

"वाळू नाही! कुंड्यांत चार मुठी माती आहे! पीठ कुठाय?"

"पीठ परवाच संपलं गं!"

बाई गाडीखालून बघत होत्या. तेल आधी सरळ चाललं होतं. मग फरशीतल्या भेगेतून आणखी एक ओघळ येऊन त्याला मिळाला. मुख्य प्रवाह, उपनदी, आता फाटकापाशी त्रिभुज प्रदेश. तोंडचं पाणी पळालेलं असतानाही त्यांना हसूच फुटलं. हसताना अंगठा हलला आणि कपाळावर दोन थेंब पडले.

तेवढ्यात शेजारच्या भिंतीपलीकडे घरघरणारी करवत बंद झाली.

भिंतीपलीकडे सुताराचा कारखाना होता. दोन वर्षांपूर्वी बाईंनी त्या करवतीच्या आवाजाबद्दल त्याला चांगलं पानभर पत्र लिहिलं होतं, समास सोडून, मुद्दे पाडून. त्याने उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून बाई समोर आल्या की तो आभाळात बघायचा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. बाईंना काडी नको होती. पण काडी कापून उरतं ते हवं होतं.

"मिस्त्री! अहो मिस्त्री!"

भिंतीवरून एक डोकं वर आलं. पिकलेल्या मिशा, कानावर पेन्सिल. त्याला गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले आणि शेजारी पाइप धरून उभी असलेली एक खूप उंच बाई.

"कोण बोलतंय?"

"मी!"

"मी म्हणजे कोण?"

"शेजारीण! गाडीखाली!"

"अडकलात की काय?"

"अंगठा अडकलाय! म्हणजे मीच अडकवलाय! भुसा द्या हो, भुसा!"

मिस्त्रींनी फाटकाकडे सरकणारं तेल बघितलं, मग पुन्हा पायांकडे बघितलं. "करवतीचा?"

"हो, करवतीचाच!"

"आवाज चालत नाही, भुसा चालतो?"

"चालतो! आवाजसुद्धा चालतो! आधी भुसा!"

डोकं खाली गेलं. बाईंना वाटलं, संपलं, गेला. पण दहा आकडे मोजेपर्यंत मिस्त्री दोन खांद्यांवर दोन पोती घेऊन फाटकातून आत येताना दिसले.

"आधी खाली बांध घाला! जाळीच्या अलीकडे!" बाईंनी झोपल्या झोपल्या हुकूम सोडला. "मग वरून या!"

मिस्त्रींनी जाळीच्या वीतभर अलीकडे पोतं उलटं केलं आणि हातांनी भुशाची लांबच लांब भिंत थापली. चिमणी पाइप टाकून गुडघ्यांवर बसली आणि दुसऱ्या टोकाने थापायला लागली. तेल आलं. भिंतीला टेकलं. पिवळा भुसा तळापासून हळूहळू काळा होत गेला.

"थांबलं," मिस्त्री म्हणाले.

चिमणीने अशी काही किंकाळी फोडली की समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या.

"अगं, माझा अंगठा!" बाई ओरडल्या.

मग चिमणी भानावर आली. तिने नवे हातमोजे चढवले, कोपरापर्यंत हात ट्रेत घातला, डोळे मिटून चाचपलं. "वॉशर मिळाला. थांब... थांब... हा नट. एक नट, एक वॉशर. सामान पूर्ण, आता टाके घाला." मिस्त्रींनी बादली आणून गाडीखाली सरकवली. बाईंनी अंगठा काढला, उरलेलं तेल बादलीत निथळलं आणि नट पुन्हा जागेवर बसला.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा काळा होता. मिस्त्रींनी बघितलं, मिशीवर हात ठेवला, पण उपयोग झाला नाही. त्यांचं हसणं उचकीसारखं होतं, एक आलं की दुसरं थांबेना. चिमणी फाटकाला धरून हसली. बाई चटईवरच बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुसायला गेल्या तर उरलेला अर्धा चेहराही काळा झाला.

"तुमचं पत्र," मिस्त्री म्हणाले, "अक्षर फार सुंदर होतं हो. म्हणून तर उत्तर दिलं नाही. माझं अक्षर कोंबडीचे पाय."

बाईंनी शर्टाला हात पुसले. "तरी द्यायचं होतंत," त्या म्हणाल्या.

पुढे दोन तास तिघं राबली. मिस्त्रींनी भुसा पायाने फरशीवर चोळायचा, चिमणीने झाडून भरायचा, पुन्हा नवा टाकायचा. उरलेल्या डागावर कपड्यांच्या साबणाची पूड ओली करून थापली, ब्रशने घासली आणि चिंध्यांनी टिपून घेतली. जाळीकडे थेंब जाऊ दिला नाही. डाग पुरता गेला नाही, फिकट झाला. तेल नरसाळ्याने रिकाम्या कॅनमध्ये भरलं आणि बाईंनी त्यावर ठळक लिहिलं: 'जुनं ऑइल. वास घेऊन बघू नये.' मिस्त्री म्हणाले, असं लिहिलं की माणूस हटकून वास घेतो. मग जुना फिल्टर निथळून नवा बसला, नवं ऑइल पडलं, कांडी काढून पातळी दोनदा बघून झाली.

बाईंनी किल्ली फिरवली. तेलाचा लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. तिघंही कान देऊन उभी होती. इंजिन मांजरासारखं घुरघुरत होतं.

मोठ्या रस्त्यावरचं गॅरेज वापरलेलं ऑइल परत घेतं, हे बाईंनी आधीच विचारून ठेवलं होतं. मिस्त्री म्हणाले, पोती माझी आहेत, मी येतो. चिमणी म्हणाली, मला घरी सोडायचं नाही. कॅन पायांत धरून आणि भुशाची पोती डिकीत घालून तिघं निघाली.

गॅरेजवाल्याने तिघांचे अवतार आळीपाळीने बघितले. "ट्रे ठेवला नव्हता का खाली?"

"ठेवला होता."

"केवढा?"

"पेशंटपेक्षा लहान," चिमणी म्हणाली.

त्याने तेल मोठ्या पिंपात ओतलं. भुशाची पोती आणि चिंध्या तेलकट कचऱ्याच्या वेगळ्या पिंपात टाकल्या. "लोक गटारात ओतून मोकळे होतात," तो म्हणाला. "भुसा गोळा करून आणणारे तुम्ही पहिलेच." बाई नुसत्या मान हलवत राहिल्या. शाळेत पंचवीस वर्षं शाबासक्या वाटल्या होत्या. मिळाल्यावर काय करायचं असतं ते आठवेना.

परतताना डावीकडे वळायचं होतं. बाईंनी वळण येताना बघितलं, आणि गाडी सरळ नेली.

"घर मागे राहिलं, बाई," मिस्त्री मागून म्हणाले.

"माहीत आहे."

"मग ठीक," म्हणत त्यांनी काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं.

चिमणीच्या हातात बाईंचा फोन वाजला. नवरा होता. "गाडी कुठाय? अंगणात नुसता डाग आहे आणि सगळीकडे भुसा! काय झालं काय?"

"दादा, ऑपरेशन यशस्वी," चिमणी म्हणाली.

"तुझी वहिनी कुठाय? गाडी चालू आहे का?"

"तूच ऐक," चिमणी म्हणाली. तिने तो लांबच लांब हात खिडकीबाहेर काढला आणि फोन बॉनेटच्या दिशेने धरला. बाईंनी ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबला.