ढेकणांचा आळ आलेली गादी

मी एक गादी आहे मित्रांनो, आणि आधीच सांगते, माझं डोकं तापलेलं आहे.

सावनेरजवळच्या रुपरावांच्या शेतातल्या कापसाची मी. पिंजाऱ्याने मला भरलं, रुपरावांच्या घरच्या वच्छलाबाईंनी खोळ शिवली आणि लेक दिपाली नर्सिंग शिकायला नागपूरला निघाली तेव्हा मला तिच्याबरोबर धाडलं. तिथल्या नंदनवन भागात इंदूबाईंच्या घरी तिला भाड्याने खोली मिळाली. खोलीत दिवाण होता, त्यावर मी. "दिवाणाच्या पेटीत माहं सामान हाये, हात लावू नको वं," इंदूबाईंनी बजावलं होतं.

परीक्षा चार दिवसांवर आली आणि माझ्यावर तांबूस-काळे किडे फिरू लागले. इंदूबाईंनी ते पाहिले मात्र, मला फरफटत अंगणात काढलं आणि अख्खी गल्ली गोळा होईल एवढ्यानं ओरडल्या, "ढेकून आनले वं या पोरीनं गावातून! संध्याकाळच्या आत खोली खाली कर!" वर माझ्यावर औषधाची अख्खी बाटली रिकामी केली. अहो, विचारायचं तरी! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

दिपालीने रडतच आईला फोन केला. वच्छलाबाई दुपारच्या बसने आल्या. त्यांनी माझी शिवण न् शिवण उलटून पाहिली. ढेकूण राहतात तिथे काळे डाग पडतात; एकही नव्हता. मग त्यांनी एक किडा तळहातावर घेतला.

"हे पाहा बाई. ढेकून चपटा राह्यते, मसुरीच्या डाळीवानी. हा लांबट हाये, अन् याले सोंड हाये. हा मानसाले चावत नाही, धान्य खाते. सोंडा हाये हा!"

आणि त्यांनी दिवाणाची फळी उचलली. आत इंदूबाईंच्या वर्षाच्या गव्हाची पोती होती, अर्धा गहू पीठ झालेला, सोंडे नुसते वळवळत होते.

"मले काय मालूम? राहू दे मंग तिले," इंदूबाई पुटपुटल्या.

आता आवाज बसला होय वं बाई? असा संताप आला मला! पण दिपाली डोळे पुसून म्हणाली, "काकू, ओरडल्या अंगनात. आता सांगा बी अंगनातच."

जावं लागलं इंदूबाईंना. फाटकाशी उभं राहून खाली मान घालून म्हणाल्या, "पोरीचे ढेकून नव्हते. माह्या गव्हातले सोंडे होते."

दिपाली राहिली, परीक्षाही दिली. पण माझा औषधाचा वास काही जात नाही. पंधरा दिवस मी गच्चीवर उन्हात पडून आहे आणि माझी पोर फरशीवर चटई टाकून झोपते, मी असताना! मित्रांनो, किडा दिसला तर आधी तळहातावर घ्या, त्याला सोंड आहे का पाहा, आणि मगच तोंड उघडा.