बोईटाचा ब

“ह्यो मासा नाय, बाई. बोईट हाय!”

अख्खा पहिलीचा वर्ग माना वळवून बघायला लागला. कारण बोलली होती ती प्रांजल. जूनपासून दिवाळीपर्यंत तिने शाळेत तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. जोकबेदबाईंच्या हातात ‘म मासा’चं चित्र होतं. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

“खरंच की गं! मग ब कशाचा?”

“बोईटाचा.”

“आणि ज?”

“जिताड्याचा,” प्रांजल म्हणाली. बाईंना माशांची एवढी नावंही येऊ नयेत, याचं तिला वाईट वाटत होतं.

मी शेजारी दुसरीचा वर्ग घेत होते. पनवेलच्या त्या शाळेत नवीच होते. दोन वर्गांमध्ये नुसतं फळ्यांचं पार्टिशन, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं, फटीतून दिसायचंही. आठवड्यापूर्वीच मुख्याध्यापक शैलेशसरांनी प्रांजलच्या आईला बोलावून सांगितलं होतं, मुलगी बोलत नाही, दुसरी शाळा बघा. आई सोनाबाई बाजारात मासळी विकायची. “घरी तं कान किटवते वो, सर,” म्हणत ती रडली. शेवटी जोकबेदबाई मध्ये पडल्या आणि त्यांनी डिसेंबरपर्यंतची मुदत मागून घेतली.

त्या सकाळनंतर मुदतीचा विषय कुणी काढला नाही.

पुढच्या आठवड्यात प्रांजलने डब्यातून दोन जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणल्या. एक निसटली आणि पार्टिशनखालून माझ्या वर्गात आली. मुलं बाकांवर चढली. खरं सांगायचं तर मीही खुर्चीवर चढले. प्रांजल शांतपणे आली, चिंबोरी मागून धरून घेऊन गेली आणि बाईंसमोर धरून म्हणाली, “तुमाला आनली.”

जोकबेदबाई इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. त्यांनी तिला जवळ घेतलं. “बाळा, आम्ही चिंबोरी खात नाही. आमच्यात खवल्यांचाच मासा चालतो.”

प्रांजलने आधी चिंबोरीकडे पाहिलं, मग बाईंकडे. “मंग तुमच्या आईनं तुमाला मोठं कसं केलं?”

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

या गोष्टीला सात वर्षं झाली. पहिलीचा वर्ग आता माझ्याकडे आहे. पोरं काहीबाही बोलतात तेव्हा अजूनही वाटतं, पार्टिशनपलीकडून ते हसू ऐकू येईल.

चिंबोरीनंतरच्या जूनमध्ये प्रांजल माझ्या वर्गात, दुसरीत आली, म्हणजे हजेरीपटावर आली. प्रार्थना झाली की ती रोज पहिलीत जाऊन बसायची आणि मी तिला परत आणायचे. तीस जूनला बाई निवृत्त होणार होत्या. नंतर मुलाकडे, यायरकडे, इस्रायलला. त्या दिवशी मी वर्गाला तसं सांगितलं. मितेशने हात वर केला.

“टीचर, जोकबेदबाई पहिलीत किती वर्षं हायेत?”

“एकतीस.”

“एकतीस वर्षं नापास?”

प्रांजलने दप्तर उचललं आणि सरळ पलीकडे गेली. मी मागोमाग धावले. ती बाईंसमोर उभी होती.

“मी पन नापास होते. तुमच्यासंगं बसते.”

बाई टेबलाला धरून हळूहळू तिच्यासमोर खाली बसल्या. “मी उद्यापासून येणार नाही, बाळा. लेकाकडे चाललेय. लांब.”

“परत कवा येनार?”

“ठाऊक नाही गं.”

मी असते तर ‘लवकरच’ म्हणून मोकळी झाले असते. बाई लहान मुलांशी खोटं बोलायच्या नाहीत.

त्या तिचा हात धरून माझ्या वर्गात आल्या. मागच्या बाकावर एक नवी मुलगी कालपासून मुसमुसत होती. बाईंनी प्रांजलला तिच्याशेजारी बसवलं. “हिला इथे कुणी ओळखत नाही. हिच्याशी कुणीतरी बोलायला हवं.” एवढं सांगून त्या बाहेर गेल्या.

प्रांजलने दप्तर बाकावर ठेवलं. मग नाक पुसून म्हणाली, “तुजं नाव काय गं? मी प्रांजल. तू कुठं राहतंस?”

मी दाराकडे गेले. समोरून शिपाई काशीराम घाईघाईने येत होता. “जोकबेदबाई, चला. हार आलाय, सगळे थांबलेत.”

दाराबाहेर जोकबेदबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं.

आत प्रांजल बोलत होती.