सुकाणूवरचा टप

मनोहरराव भिवापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, पण उमेदीची वर्षं सगळी नौदलात गेलेली. निवृत्तीनंतर त्यांनी बेसा गावात घर बांधलं आणि जवळच्या तलावावर शिडाची एक जुनी होडी ठेवली. समुद्र सुटला तरी खोड थोडीच सुटते.

या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला आणि होडी बंद करा म्हणून मुलानं, आयुषनं, धोशा लावला. घरात रोजची खडाजंगी. शेवटी आयुष नरमला. सुकाणूपाशी आडोसा करा, अंगाला वारा लागणार नसेल तर खुशाल जा, म्हणाला. आडोशाचं मापही त्यानंच घेऊन दिलं.

आयुषची आई मनकर्णाबाई हरखल्या. नवऱ्याच्या हातचं सुकाणू जाऊ नये, एवढंच त्यांच्या मनात. जन्मात होडीत पाय न ठेवलेल्या या बाईनं कूलर झाकायची जाड ताडपत्री काढली आणि बैलगाडीला असतो तसा टप शिवायला घेतला. आतून जुन्या लुगड्यांची गोधडी, समोर बघायला प्लास्टिकची खिडकी. सुया मोडल्या, बोटं सोलली. मनोहररावांनी तयार टपातून हात फिरवला.

"गरम आहे वं," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी बाप-लेक होडीत बसले, बाई काठावर थांबल्या. होडी मध्यावर गेली आणि वारा फिरला. टपात उबेला बसलेल्या मनोहररावांना त्याचा पत्ताच नाही. शीड फाडकन दुसऱ्या बाजूला आदळलं, होडी कलली. आयुषनं झडप घालून सुकाणूचा दांडा धरला, तो काठ येईपर्यंत सोडलाच नाही.

"आता मीच चालवीन. बाबा टपात बसत जातील," तो उतरता उतरता म्हणाला.

"काहून? झालं काय असं?"

"सुकाणू धरणाऱ्याच्या मानेले वारा लागावा लागते, आई. नाहीतर वारा फिरला हे समजतच नाही."

"तुले हे आधीच माहीत होतं?"

"बाबांनीच तर शिकवलं मले. सुकाणू सोडा म्हणून सरळ सांगितलं असतं तर ऐकलं असतं काय त्यांनी?"

बाई नवऱ्याकडे वळल्या. ते अजून टपातच बसून होते. "अहो, तुम्ही तरी बोलायचं होतं."

"तू एवढी जीव लावून शिवून राहिली होती वं," ते खाली मान घालून म्हणाले. "कसं बोलू?"

मनकर्णाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरानं डाव साधला, नवऱ्यानं दया दाखवली, आणि दोन्ही त्यांच्याच सुईदोऱ्यानं. त्यांनी तिथल्या तिथं टप उसवायला घेतला, पण एकही टाका तुटेना.